संशयिताचा अपराध आणि सैनिकाची बंदूक

भिंगारच्या छावणीमुळे आणि चिलखती दलाच्या प्रशिक्षण केंद्रामुळे ज्या नगर शहराला लष्कराचा सहवास पिढ्यान्‌पिढ्या लाभला आहे, त्या शहरात अमली पदार्थांची बातमी वाचताच ‘हे काम एकदा फौजेकडे सोपवा, म्हणजे निकाल लागेल,’ असे उद्गार निघावेत यात नवल नाही. तरुण मुलांची धूळधाण ज्यांनी डोळ्यांनी पाहिली त्यांचा संताप रास्तच आहे. परंतु या उद्गारामागे काही गैरसमज आहेत, आणि प्रश्न माणसाच्या जिवाचा असल्याने ते दूर करणे अगत्याचे आहे.

सैन्य कामाला लागले म्हणजे फौजदारी कायदा बाजूला राहतो, हा त्यांतला पहिला. वस्तुतः १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ४२ मध्ये, केंद्र सरकारने अधिकार दिल्यास झडती, जप्ती व अटक करू शकणाऱ्या अंमलदारांत सशस्त्र दलांचाही स्पष्ट उल्लेख आहे. मात्र हा अधिकार कायद्याच्या सर्व बंधनांसह मिळतो. आलेली खबर लेखी नोंदवून तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठांकडे धाडावी लागते, आणि पकडलेल्या इसमास, प्रवासाचा अवधी वगळून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करावे लागते. संशयावरून ठार मारण्याची मुभा या कायद्यात कोठेही नाही.

पंचनामा, साक्षी, मोहोर हे सारे गुन्हेगाराच्या सोयीसाठी आहे, हा समज याहून खोल रुजलेला आहे. पंचांसमक्ष माल काट्यावर चढतो, पुडक्यावर लाखेची मोहोर उमटते, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी डकवली जाते, आणि पुढे मुद्देमालाची यादी दंडाधिकाऱ्याकडून प्रमाणित करून त्याच्या समक्ष नमुने काढले जातात, ते एवढ्यासाठी की गांजा एक किलोपर्यंत असेल तर शिक्षा फार तर एक वर्षाची आणि वीस किलोंवर गेला तर ती दहा ते वीस वर्षांची; काट्यावरच्या एका आकड्यावर माणसाचे अर्धे आयुष्य लटकलेले असते. शिवाय हा कायदा आरोपीच्या हेतूविषयी त्याच्या विरुद्ध गृहीत धरून चालतो, मोठ्या प्रमाणातील मालाच्या खटल्यात जामीनही दुर्मीळ करतो. शिक्षा जितकी कठोर तितकी खबरदारी अधिक, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९९ साली बलदेव सिंग खटल्यात सांगितले, ते म्हणूनच. आणि अपराधाचा निर्णय केवळ सत्तेच्या शब्दावर सोडला तर काय होते, हे नगरच्या किल्ल्याने पाहिले आहे: ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीचे सभासद तेथे स्थानबद्ध झाले, बहुतेकांचा बंदिवास १९४५ पर्यंत चालला, आणि खटला कधी भरलाच गेला नाही.

भर समुद्रात कायदा नसतो, असेही पुष्कळांना वाटते. २ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकी सैन्याने कॅरिबियन समुद्रात तस्करांची म्हणून एक नौका उडवली. अकरा माणसे मेली, असे त्या सरकारनेच जाहीर केले, आणि ती कोण होती याची छाननी करण्याची संधी कोणत्याही न्यायालयास त्यापूर्वी मिळाली नाही. उलट फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातच्या किनाऱ्यापलीकडे आपल्या नौदलाने सुमारे ३,३०० किलो माल नेणारी नौका अडवली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तटरक्षक दलाने अंदमानजवळ म्यानमारच्या एका मच्छीमार नौकेतून साडेपाच हजार किलोंवर मेथाम्फेटामिन धरले. दोन्ही वेळा खलाशी जिवंत पकडून तपासासाठी सोपवले गेले. माल कोणी भरला आणि कोणाकडे जायचा होता, हे जिवंत माणसाच्या जबाबातूनच उलगडू शकते. माझ्या मते व्यवहाराच्या दृष्टीनेही हाच मार्ग शहाणपणाचा आहे.

राहता राहिला सैनिकाच्या जबाबदारीचा प्रश्न. १९५० च्या लष्करी कायद्याच्या कलम ७० नुसार, देशात आणि शांततेच्या काळात सैनिकाने नागरिकाचा खून केला तर तो खटला एरवी सर्वसाधारण फौजदारी न्यायालयातच चालतो. मणिपूरमधील कथित बनावट चकमकींच्या प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने सशस्त्र दलांना सरसकट अभय नाही असे ठरविले. पोलिसांसाठी तर मुंबईतील चकमकींवरून निघालेला २०१४ चा निर्णय आहेच: चकमकीत मृत्यू घडल्यास गुन्हा नोंदवावा, तपास गुन्हे अन्वेषण विभागाने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करावा, दंडाधिकाऱ्याची चौकशी व्हावी, शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत बक्षीस देऊ नये, आणि ही कार्यपद्धती पाळली गेली नाही असे मृताच्या कुटुंबास वाटले, तर त्यास थेट सत्र न्यायाधीशाकडे तक्रार करता येते.