फोनचे अपडेट आणि सहरीचा अलार्म

‘अपडेट आले आहे’ अशी पट्टी फोनवर दिसली की आपल्या घरांत ती बहुधा बोटाने बाजूला सारली जाते. कारणे ठरलेली असतात. डेटा संपेल, फोन मंद होईल, फोटो उडतील आणि मध्येच लाइट गेली तर फोन अडकून बसेल. भिवंडीत यंत्रमागाचा खडखडाट जितका सवयीचा तितकाच लाइटचा लपंडावही, म्हणून शेवटची भीती तर फारच खरी वाटते. यातल्या काही भीती खऱ्या आहेत, काही निव्वळ ऐकीव.

खाजगीपणाचा प्रश्न आपल्या समाजाला किती जवळचा आहे, हे नोव्हेंबर २०२० मध्ये दिसले. नमाजच्या वेळा आणि किबला दाखवणारे ‘मुस्लिम प्रो’ हे ॲप जगभर ९ कोटींहून अधिक वेळा उतरवले गेले होते. वापरणारे कुठे आहेत ही माहिती त्यातून ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होती आणि ही कंपनी आपल्याकडची माहिती ज्यांना विकत होती, त्यांत अमेरिकी लष्कराचे कंत्राटदारही होते, हे पत्रकारांनी उघड केले. आपण लष्कराला काही विकले नाही, असे ॲपवाल्यांनी सांगितले आणि एक्स-मोडशी संबंध तोडला. दोनच महिन्यांनी ‘सलात फर्स्ट’ या दुसऱ्या ॲपबद्दल तसाच प्रकार बाहेर आला. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एक्स-मोडच्या वारसदार कंपनीला संवेदनशील ठिकाणांची अशी माहिती विकण्यास मनाई केली.

आता विचार करा. भिवंडीहून किबला पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकलेला. तो काही रोज हलत नाही. वेळांसाठीही शहराचे नाव पुरते. मग ॲपला आपला पत्ता क्षणोक्षणी कशाला हवा?

असा प्रश्न पडणारी तरुण मंडळी हल्ली ‘ग्राफीनओएस’कडे वळतात. ही ॲण्ड्रॉइडवरच उभी असलेली, पण खाजगीपणा आणि सुरक्षा पुढे ठेवणारी मोफत प्रणाली गूगलच्या पिक्सेल फोनवर बसते. गूगलच्या सेवा तिच्यात आधीपासून नसतात. हव्या असतील तर साध्या ॲपसारख्या, विशेष अधिकारांविना घेता येतात. कोणत्याही ॲपचे इंटरनेटच बंद करण्याची सोय आहे. नमाजच्या वेळांचे ॲप इंटरनेटविना चालवा, शहर हाताने निवडा, विषय संपला. बसवायला संगणक, चांगली केबल आणि तासभर सवड लागते. आधी फोनचे कुलूप, म्हणजे बूटलोडर, उघडावे लागते आणि तेव्हा फोनमधले सगळे पुसले जाते. फोटोंची प्रत अगोदर काढून ठेवा. काम झाल्यावर हे कुलूप परत लावायला मात्र विसरू नका, नाहीतर सुरक्षेचा अर्धा फायदा गेला. अमेरिकेतल्या काही मोबाइल कंपन्यांच्या फोनचे कुलूप उघडतच नाही, तेव्हा नातेवाईक तिकडून फोन आणणार असतील तर आधी विचारून घ्या. काही बँकांची ॲप या प्रणालीवर चालायला नकार देतात. ज्यांचा धंदा यूपीआयवर चालतो त्यांनी एकुलत्या एका फोनवर हा प्रयोग करू नये, असे आमचे मत.

अपडेटचे म्हणाल, तर पिक्सेलमध्ये प्रणालीसाठी दोन कप्पे असतात. एका कप्प्यावर फोन चालू असतो आणि नवी आवृत्ती दुसऱ्यात गुपचूप बसते. लाइट गेली, वायफाय बंद पडले, तरी चालू कप्प्याला धक्का लागत नाही. काम पूर्ण झाले की फोन एकदा बंद-चालू करायचा. नवी आवृत्ती उभीच राहिली नाही, तर फोन आपोआप जुन्या कप्प्यावर परततो. फोटो, नंबर जागच्या जागी राहतात. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘सिस्टम’ खाली ‘सिस्टम अपडेट’मध्ये फक्त वायफायवर उतरवणे, फक्त चार्जिंगला असताना बसवणे, असे पर्याय मिळतात. रोजच्या दीड जीबीवर घर चालवणाऱ्यांनी पहिला पर्याय निवडावा.

तिथेच फोन आपोआप बंद-चालू करण्याचाही पर्याय आहे. रमजानमध्ये तो बंद ठेवा. कारण रात्री फोन असा नव्याने सुरू झाला की पिन टाकेपर्यंत आतली माहिती कुलूपबंद राहते. व्हॉट्सॲपचे कॉल येत नाहीत आणि बाहेरून घेतलेली बहुतेक अजानची ॲप मुकी राहतात. फोनच्या मूळ घड्याळातला अलार्म मात्र वाजतो. सहरीसाठी तोच लावावा. अम्मीच्या फोनवर तर नक्कीच.

स्वस्तात जुना पिक्सेल मिळतोय म्हणून धावू नका. पिक्सेल ४ए आपल्याकडे २०२० मध्ये आला आणि २०२३ मध्ये त्याचे सुरक्षा-अपडेट थांबले. वर जानेवारी २०२५ मध्ये बॅटरीच्या सुरक्षेसाठी गूगलने धाडलेल्या अपडेटने त्यातल्या कित्येक फोनची बॅटरी लवकर संपू लागली. अपडेटला घाबरणाऱ्यांचे सगळेच चुकते असे नाही, ते यामुळेच! पिक्सेल ८ पासून पुढच्या फोनला मात्र ७ वर्षे अपडेटचे वचन आहे.

तुमचा फोन साधा असेल तरी ‘अबाउट फोन’मध्ये ॲण्ड्रॉइड सुरक्षा अपडेटची तारीख बघा. ती वर्षभरापूर्वीची असेल तर त्या फोनवर बँकेचे व्यवहार करू नका. आणि व्हॉट्सॲपवर ‘अपडेट’, ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘ई-चलान’ म्हणून एपीके फाइल आली, मग ती खालाजानच्या नंबरवरून का असेना, उघडू नका. त्यांचाच फोन आधी कुणीतरी ताब्यात घेतलेला असू शकतो. खरे अपडेट सेटिंग्जमधून किंवा प्ले स्टोअरमधून येते. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवून धरणे अवघड.