महागडी वायर आणि आपले कान

जालना जिल्ह्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, विहिरीवरच्या मोटरीला कोणती केबल टाकावी? तो आधी उलट विचारील, "डीपीपासून विहीर किती लांब आहे? मोटर किती एचपीची?" अंतर लांब असेल तर केबल जाड हवी, नाहीतर मोटरीपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचत नाही, ती तापते आणि शेवटी जळते. हे त्याला अनुभवाने पक्के ठाऊक असते.

घरात गाणी ऐकायला स्टिरिओ घेताना मात्र हेच शहाणपण आपण दुकानाच्या पायरीवर सोडून येतो. 'ऑक्सिजनमुक्त तांबे', 'चांदीचा मुलामा', 'सोन्याचा पिना' असे शब्द कानावर पडतात आणि स्पीकरच्या वायरीवर हजारो रुपये खर्च होतात. काही केबलींच्या किमती तर लाखांत असतात. एवढ्या पैशांत आवाज खरेच सुधारतो का?

हिशेब मोटरीचाच

अँप्लिफायरकडून स्पीकरकडे वीजच जाते. वायरीचा रोध जितका जास्त, तितकी वीज वाटेत वाया जाते. घरात मिळणारी १.५ चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर घ्या. स्पीकर ५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन १० मीटर वायर लागते. तिचा रोध होतो साधारण ०.११ ओहम. स्पीकर ८ ओहमचा असेल तर आवाजात फरक पडतो सुमारे ०.१ डेसिबलचा. रोजच्या ऐकण्यात साधारण १ डेसिबलच्या आसपासचा फरक आपल्याला जाणवू लागतो. म्हणजे इथे वायरीने जे खाल्ले, ते कानाला कळणारच नाही.

आता उलटे उदाहरण. ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर, अंतर १५ मीटर आणि स्पीकर ४ ओहमचा. इथे सुमारे २ डेसिबल वाटेतच जातात. हा फरक ऐकू येतो. उपाय मात्र महाग वायर हा नाही, जाड वायर हा आहे.

चांदी विजेची वाहक म्हणून तांब्यापेक्षा सहा-सात टक्क्यांनीच सरस आहे. तांब्याची वायर किंचित जाड घेतली की तेवढी भरपाई होते. 'ऑक्सिजनमुक्त' तांबे आणि विजेच्या वायरीतले नेहमीचे तांबे यांच्यात तर जेमतेम एक टक्क्याचे अंतर. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवणाऱ्या इंडक्शन भट्ट्यांना तांब्याची जाड, पोकळ कॉइल लागते आणि तिच्यातून सतत पाणी खेळवावे लागते. कारण तिथे हजारो अँपिअरचा खेळ असतो. घरातल्या स्पीकरला नेहमीच्या आवाजात एक अँपिअरही लागत नाही.

एचडीएमआय किंवा ऑप्टिकल केबलमधून तर आकडेच जातात. ते नीट पोहोचले की काम झाले. न पोहोचल्यास आवाज तुटतो, कडकड होते. तो 'कमी गोड' होत नाही.

"पण मला फरक ऐकू आला!"

असे सांगणारा माणूस खोटे बोलत नसतो. ऐकण्याचे काम कान आणि मेंदू मिळून करतात. किंमत, वायरीची जाडी, दुकानदाराचा शब्द हे सगळे मेंदू त्यात मिसळतो. २००८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. लोकांना एकच वाइन वेगवेगळ्या किमती सांगून दिली. महाग सांगितलेली वाइन त्यांना जास्त चवदार लागली, आणि मेंदूच्या स्कॅनमध्ये सुखाची जाणीव नोंदवणारा भागही जास्त उजळला. सुख खरे होते, कारण मात्र बाटलीत नव्हते. औषध नसलेल्या गोळीनेही बरे वाटते, त्यातलाच हा प्रकार.

शिवाय आवाजाचे बारकावे आपल्या स्मरणात काही सेकंदच टिकतात आणि वायर बदलायला काही मिनिटे जातात. तेवढ्यात आवाजाचे बटण किंचित जास्त फिरले तरी तोच आवाज 'भरदार' वाटतो.

म्हणूनच खरी परीक्षा डोळे झाकून घ्यायची असते. २००७ मध्ये अमेरिकेतले जादूगार आणि चिकित्सक जेम्स रँडी यांनी जाहीर आव्हान दिले होते: ७,२५० डॉलरची स्पीकर केबल आणि साधी केबल यांतला फरक केवळ ऐकून ओळखा आणि १० लाख डॉलर न्या. चर्चा भरपूर झाली, परीक्षा मात्र झालीच नाही.

ही परीक्षा घरीही घेता येते. दोन वायरी, एक मित्र, एकच गाणे आणि आवाजाची एकच पातळी. मित्राने नाणे उडवून ठरवायचे, कोणती वायर जोडायची. तुम्ही न बघता ओळखायचे. असे दहा वेळा करा. नुसत्या अंदाजाने पाच-सहा उत्तरे बरोबर येतातच. नऊ किंवा दहा बरोबर येण्याची शक्यता शंभरात एखादीच. तेवढी आली तर खुशाल वायर घ्या!

पैसा कुठे लावावा?

आधी फुकटचे उपाय. दोन्ही स्पीकरची लाल-काळी टोके सारखी जोडली आहेत ना, ते पाहा. एक जरी उलटे झाले तरी खर्ज पातळ होतो. सैल आणि काळे पडलेले जोड साफ करून घट्ट करा. सतत 'हूं' असा आवाज येत असेल तर अर्थिंग तपासून घ्या. स्पीकर कोपऱ्यातून थोडे बाहेर काढा. फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. सतरंजी, जाड पडदा, भिंतीला पुस्तकांचे कपाट यांनी जो फरक पडतो, तो कुठल्याही वायरीने पडत नाही. यानंतरही पैसे उरले तर ते चांगल्या स्पीकरवर लावा.

आणि या साखळीतला शेवटचा भाग कुठल्याच दुकानात मिळत नाही. आपल्या प्रत्येक अंतर्कर्णात जन्मतः सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. वाढत्या वयाने आधी सर्वांत वरचे सूर जातात, आणि रोलिंग मिलचा खडखडाट, वरातीतला डीजे, कानात खुपसलेले इअरफोन हे काम लवकर करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो. ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास.

कानात शिटी वाजल्यासारखे होत असेल, गर्दीत समोरच्याचे बोलणे नीट कळत नसेल, घरचे लोक "टीव्हीचा आवाज कमी करा" म्हणत असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणतपासणी करून घ्या. गिरणीत काम करत असाल तर कानात इअरप्लग घालायला लाजू नका. वायर कधीही बदलता येते. कान बदलता येत नाहीत.