प्रोस्टेट कर्करोगावरील संप्रेरक-उपचार : दुष्परिणाम व त्यांचे व्यवस्थापन

प्रस्तावना : प्रोस्टेट कर्करोगाची वाढ टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकावर अवलंबून असते, हे हगिन्स व हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले. हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

निदान व उपचार : रक्तातील पीएसएचे प्रमाण वाढले म्हणजे कर्करोग झालाच असे नव्हे, निश्चित निदान बायॉप्सीनेच होते. कमी जोखमीच्या रोगात बहुधा नियमित देखरेख पुरेशी ठरते. संप्रेरक-उपचार मुख्यतः पसरलेल्या रोगात किंवा किरणोपचाराच्या जोडीने दिले जातात. त्यासाठी वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया किंवा ल्युप्रोलाइडसारखी इंजेक्शने हे पर्याय आहेत. इंजेक्शनानंतर आरंभी टेस्टोस्टेरॉन वाढते; म्हणून काही काळ बायकॅल्युटामाइडसारख्या गोळ्या जोडतात.

दुष्परिणाम : स्त्रियांना रजोनिवृत्तीत जाणवतात तशा उष्णतेच्या लहरी, थकवा, कामेच्छेचा ऱ्हास, स्नायूंची क्षीणता, मेदवृद्धी, हाडांची झीज व मधुमेहाचा वाढता धोका हे प्रमुख होत.

व्यवस्थापन : भारोत्तोलनासह नियमित व्यायाम हा थकवा व स्नायूंच्या ऱ्हासावरील प्रभावी उपाय आहे. उपचारारंभी हाडांची घनता मोजावी. कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे मिळावे. धूम्रपान वर्ज्य करावे. रक्तशर्करा, रक्तदाब व कोलेस्टेरॉल वेळोवेळी तपासावेत.

निष्कर्ष : लैंगिक अक्षमता व खिन्नता यांविषयी संकोचाने मौन पाळल्यास त्यांवरील उपाय दुरावतात. दुष्परिणामांना कंटाळून उपचार परस्पर थांबविणे तर अधिक घातक ठरू शकते. म्हणून उपचारापूर्वीच पती-पत्नी दोघांशी वैद्यकांनी मोकळा संवाद साधणे अगत्याचे आहे.