दान न टाकता खेळायचा डाव

आपल्याकडे डाव म्हटला की दान आलंच. सारीपाट असो की सापशिडी, माणूस फासा टाकतो आणि पडेल त्याला नशीब म्हणतो. धर्मराजाचं राज्यही फाशांनीच नेलं, असं लहानपणापासून ऐकत आलो. त्यामुळे चंद्रपूरच्या आमच्या घरी नातवाने 'आजोबा, या खेळात फासाच नाही' असं जाहीर केलं, तेव्हा माझी पहिली शंका ही की, मग हरल्यावर दोष द्यायचा कुणाला?

खेळ अमेरिकेतला. स्पायडरमॅनच्या चित्रकथा काढणाऱ्या मार्व्हल कंपनीने तो २००३ साली आणला. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकाने गोष्ट पुढे न्यायची, बाकीच्यांनी एकेक महावीर होऊन आपण काय करतो ते सांगायचं. ते जमलं की नाही हे खड्यांवर ठरतं. लाल खडे म्हणजे दम, पांढरे म्हणजे प्रकृती. चित्रकथेच्या एका चौकटीएवढी एक फेरी. तीत आपले लाल खडे वाटायचे: भिंत चढायला ३, ठोशाला ४, उरतील ते स्वतःला वाचवायला. गोष्ट सांगणाऱ्याने धरलेल्या अवघडपणाइतके खडे पडले तर काम फत्ते. कमी पडले तर गेलं. वीराची ज्या विद्येत जेवढी पायरी, त्याहून जास्त खडे तिथे ओतता येत नाहीत. दर फेरीला काही लाल खडे परत मिळतात, पण साठ्याला वरची मर्यादा असते. मार बसला की पांढरे जातात, आणि प्रकृती ढासळली की दमही कमी भरून येतो.

आमच्याकडे मूळचे खडे नाहीत. लाल म्हणून गुंजा, पांढऱ्या म्हणून कवड्या. (गुंज विषारी असते. घरात रांगतं मूल असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.)

नातू पहिल्याच फेरीत सगळ्या गुंजा ठोशावर लावतो. दुसऱ्या फेरीत राक्षस उठतो आणि वीराकडे ढालीपुरतंही काही उरलेलं नसतं. 'वीर कधी राखून ठेवतो का?' असा त्याचा सवाल. बँकेतली माझी उभी हयात याच सवालापुढे गेली. धानाच्या पट्ट्यातला शेतकरी पीककर्जाचा सगळा पैसा रोवणीत घाली. मग पावसाने दडी मारली की हात मोकळे. आम्ही त्याला शहाणपण शिकवत असू. खुद्द बँकेला मात्र ठेवींचा ठराविक हिस्सा बाजूला ठेवायला रिझर्व्ह बँकेचा नियम लागतो! शेतकऱ्याच्या ओंजळीत मुळात गुंजाच कमी होत्या, आणि ते सांगायला कर्जाच्या अर्जात रकाना नव्हता.

दम भरून येण्याचा नियम नातवाच्या डोक्यात शिरेना, तेव्हा मी त्याला मेंढा (लेखा) या गावची गोष्ट सांगितली. गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातलं हे गोंडांचं गाव. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली त्याला सामूहिक वनहक्क मिळाला. २०११ साली तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तिथे मतं मोजत नाहीत, सर्वांचं एक होईपर्यंत बोलतात. वाटणीचे नियम असे बसून केलेले मला फाशापेक्षाही नवलाचे वाटतात.

आणि बांबू तोडायचा कसा? यंदाचे कोवळे कोंब सोडायचे, जुन्या काठ्या काढायच्या, त्याही सगळ्या नाहीत. उभ्या काठीच्या पानांवर जमिनीतला कंद पोसला जातो आणि कंदातून पुढचे कोंब येतात. बेट साफ केलं तर त्या वर्षी पैसा दिसेल, पण बेट पुढे देईनासं होईल. 'म्हणजे पांढरे खडे कंदात,' नातू म्हणाला.

खरा पेच त्याने नंतर टाकला. माझी सून गडचिरोलीकडे आरोग्यसेविका आहे. शनिवारी घरी येते. पावसाळ्यात नाले चढले की तिचा रस्ता तुटतो. 'आईची एक चौकट मांडू या,' तो म्हणाला. आम्ही गुंजा वाटू लागलो. तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने, गरोदर बायांच्या भेटी, लसी, नोंदवह्या, नाला. गुंजा संपल्या तेव्हा ती घरी पोचायचीच होती. पोळ्या, धुणं, याचा अभ्यास, माझी औषधं पुढेच. त्याने निमूट एक कवडी उचलली.

'अरे, ती प्रकृतीची आहे.'

'आई तीच वापरते ना.'

स्वयंपाकघरात लाटणं चालू होतं. रविवारच्या रात्रीचा स्वयंपाक मी माझ्या वाटणीला घेतला आहे. त्या विद्येत माझी पायरी एकची, खिचडीपुरती पुरते.