पैसे दिले की देणार? पोर्तुगीज क्रियापदातला जोर

निवृत्त फौजी माणसाला पोर्तुगीज व्याकरण कशाला हवं, असं इथे बेंगळुरूच्या शिवाजीनगरात शेजारी मला विचारतात. कारण सरळ आहे. गोव्यात १९६१ पर्यंत सरकारी कारभार पोर्तुगीजमध्ये चालला. तिथल्या मराठी घरांत ते कागद अजून सापडतात. त्यातलं एक क्रियापद चुकीचं वाचलं, तर फेडलेलं कर्जही बाकी दिसतं.

आपला रोजचा शब्द घेऊ: पगार. तो पोर्तुगीजकडून आला. तिथे 'पगार' हे क्रियापद आहे, अर्थ 'पैसे देणे'. त्याची दोन रूपं म्हणून पाहा.

प–गा–रँव: त्यांनी पैसे दिले. जोर मधल्या अक्षरावर.
प–ग–रँव: ते पैसे देतील. जोर शेवटच्या अक्षरावर.

दोन्हींत अक्षरं तीनच, शेवटचा नाकातला ध्वनीही तोच. काळ ठरतो तो जोरावरून. मराठीत जोर बदलल्याने काळ बदलत नाही, म्हणून आपला कान फसतो. कवायतीत 'साव–धान' म्हणताना सगळा भार 'धान'वर येतो ना? 'देतील'चा जोर तसाच शेवटी टाका.

आजच्या लेखनात ही रूपं वेगळी दिसतात. पण १९११ च्या लेखनसुधारणेआधी दोन्हींचा शेवट पुष्कळदा सारखाच लिहीत. मधल्या स्वरावर तिरकी खूण असेल, तर 'दिले' समजा. खूण नसेल, तर घाई नको. तारखा, पावती, शेजारची वाक्यं पाहा आणि मगच काळ ठरवा.

लांब रूपं स्वर मोजत फोडा. स्वरावर तिरकी खूण दिसली की जोर तिथेच. प–गा–व–मुश म्हणजे 'आम्ही देत असू'. प–ग–री–अ–मुश म्हणजे 'आम्ही दिले असते'. पहिल्यात जोर 'गा'वर, दुसऱ्यात 'री'वर.

आता सर्वांत अवघड रूप: प–गर–ल्य–अँव, म्हणजे 'ते त्याला पैसे देतील'. यात 'ल्य' म्हणजे 'त्याला', आणि तो क्रियापदाच्या पोटात शिरलाय! कारण हा भविष्यकाळ मुळात दोन शब्दांचा होता, आपल्या 'द्यायचे आहेत'सारखा. आपण मध्ये 'च' घालून 'द्यायचेच आहेत' म्हणतो. पोर्तुगीजांनी त्याच फटीत 'त्याला' बसवला. लिहिताना दोन्ही बाजूंना छोटी आडवी रेघ असते. तिथे तोडा, शेवटच्या 'अँव'वर जोर द्या.

घरातला जुना कागद वकिलाकडे नेण्याआधी त्यातली क्रियापदं अशी अक्षरं तोडून एकदा मोठ्याने वाचा. 'दिले' आणि 'देतील' यांच्यात एखादं शेत अडकलेलं असू शकतं.