निवळणे आणि निथळणे

निवळीचे बी माठाच्या आतल्या अंगाला घासून गढूळ पाणी नितळ करायचे, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. तळाचा गाळ अंगणात ओतून त्या मोकळ्या होत. इचलकरंजीच्या कापड प्रोसेसवाल्यांना ती सोय नाही, आणि माझी चाळीस वर्षे त्या तळाच्या गाळातच गेली. तुरटी, चुना, हिराकस घातले की रंग खाली बसतो. पण २ टक्के सुका ऐवज असलेला तो गाळ ५ टन असेल, तर २० टक्क्यांवर नेताच अर्धा टन उरतो. घातक कचऱ्याचे पैसे वजनावर लागतात. न निथळलेला गाळ म्हणजे पैसे देऊन वाहिलेले पाणी.

गाळ निथळायला त्याचे कण एकत्र यावे लागतात. लांब रेणू कणाकणांत पूल बांधतो, ही कल्पना १९५० च्या दशकातली. मग पॉलिॲक्रिलामाइडची पोती आली. त्यात मला फारसे सांगण्यासारखे दिसत नाही.

माझा जीव गुंतला तो कलमी पॉलिमरांत. खरगपूरच्या आयआयटीत आर. पी. सिंग आणि सहकाऱ्यांनी स्टार्च, गवार यांच्या कण्यावर पॉलिॲक्रिलामाइडच्या फांद्या लावल्या. कणा ताठ, फांद्या लवचिक. फांद्या गाळाच्या कणांपर्यंत सहज पोचतात. मी चिंचोका घेतला. ज्याची खळ सुताला लावतात, त्यानेच कापडाचा गाळ आवरावा, याचा मला मोह होता. रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित, म्हणून फांद्यांवर धनभार हवा. नुसत्या चिंचोक्याने भागत नाही.

एका जुलैत वाळवणीचे बेड तुडुंब भरले होते. बादलीभर गाळात कलमी चिंचोक्याचे ०.१ टक्क्याचे द्रावण ओतून काठीने सावकाश ढवळले. आधी काहीच नाही. मग फुटाण्याएवढ्या गुठळ्या धरल्या. मूठभर पिळल्या, तर बोटांतून स्वच्छ पाणी आले आणि तळवा चिकट झाला नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरने मात्रा दुप्पट केली. भार उलटला, कण पुन्हा सुटे झाले, जादा पॉलिमरने गाळ पिळणाऱ्या बेल्ट प्रेसच्या कापडाची भोके बुजली आणि गाळ बेल्टच्या कडेने साबणासारखा ओघळला.

काही मित्र म्हणतात, नैसर्गिक माल नासतो. साध्या स्टार्चचे द्रावण नासते, खरे. कलमी माल जास्त टिकतो. दुसरे म्हणतात, नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी. तेही चूक. कलम करताना न जुळता उरलेला ॲक्रिलामाइड मज्जातंतूंना घातक. तो धुऊन काढलाच पाहिजे.

पण आजचे दुखणे वेगळे आहे. विक्रेता बीकर दाखवतो, वरचे पाणी निवळले की ऑर्डर निघते. निवळणे म्हणजे निथळणे नव्हे! बास्करव्हिल आणि गेल यांनी १९६८ मध्येच शोषकागदाची चाचणी दिली: गाळातले पाणी कागदात किती सेकंदांत पसरते ते मोजायचे. गेल्या वर्षी एका कारखान्यात त्या चाचणीचे यंत्र कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेले दिसले. शेजारच्या टाकीत पॉलिमरची पावडर एकदम ओतलेली, न विरघळलेल्या गुठळ्या डोळ्यांसारख्या तरंगत होत्या. मी बादली मागितली.