विश्लेषण : खटला न लढण्याचे लेखी वचन देणारी घटस्फोटाची वकील! पॉलीन टेस्लर यांची 'सहयोगी वकिली' नेमकी काय आहे?

घटस्फोटासाठी वकील करायचा तो कोर्टात लढायला, ही आपली सर्वसाधारण समजूत. पण 'बोलणी फिसकटली तर तुमचा खटला मी लढणार नाही' असे वकीलच पहिल्या दिवशी लिहून देऊ लागला तर? कॅलिफोर्नियातील पॉलीन टेस्लर यांनी कौटुंबिक वकिलीत हीच वाट धरली आणि पुढे इतर वकिलांनाही ती शिकवली.

कल्पना कोणाची?

मूळ कल्पना टेस्लर यांची नव्हे. मिनियापोलिसचे वकील स्टू वेब घटस्फोटाच्या भांडणांना कंटाळले होते. १९९० च्या सुरुवातीला त्यांनी जाहीर केले, की यापुढे आपण फक्त तडजोडीसाठीच वकीलपत्र घेणार. टेस्लर तेव्हा सॅन फ्रान्सिस्को परिसरात कौटुंबिक खटले लढवणाऱ्या वकील होत्या. नव्वदच्या दशकात त्यांनी ही कल्पना उचलली आणि तिला शिस्तबद्ध पद्धतीचे रूप दिले. २००१ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनने त्यांचे या विषयावरचे पुस्तक प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी याच संघटनेचा 'प्रश्न सोडवणारा वकील' हा पुरस्कार वेब आणि टेस्लर यांना मिळून देण्यात आला.

पद्धत चालते कशी?

नवरा, बायको आणि दोघांचे वकील असे चौघे एका करारावर सह्या करतात. पगार, कर्ज, घर, गुंतवणूक सगळे उघड करायचे, लपवाछपवी नाही. बोलणी चालू असताना कोर्टाची धमकी द्यायची नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे कलम म्हणजे, कोणीही कोर्टात गेले तर दोन्ही वकिलांनी बाजूला व्हायचे आणि अशिलांनी नवे वकील शोधायचे.

या एका कलमाने गणित बदलते. भांडण वाढले म्हणून वकिलाची फी वाढत नाही, उलट काम हातचे जाते. अशिलालाही नव्या वकिलाला पहिल्यापासून सगळे सांगावे लागते, पुन्हा पैसे मोजावे लागतात. त्यामुळे टेबलावरून उठण्यापूर्वी चौघेही दोनदा विचार करतात. मध्यस्थीपेक्षा हे वेगळे आहे. मध्यस्थ तटस्थ असतो, तो कोणा एकाला सल्ला देऊ शकत नाही. इथे प्रत्येकाचा वकील शेजारीच बसलेला असतो.

टेस्लर यांनी मानसशास्त्रज्ञ पेगी थॉम्पसन यांच्यासोबत यात आणखी माणसे आणली : दोघांना सावरणारे समुपदेशक, मुलांचे म्हणणे मांडणारा बालतज्ज्ञ आणि हिशेब मांडणारा तटस्थ अर्थतज्ज्ञ. रागाने धुमसणाऱ्या माणसाला पोटगीचा आकडा विचारून उपयोग नसतो, हे कौटुंबिक न्यायालयाच्या आवारात तासभर बसलेल्या कोणालाही पटेल.

आक्षेप काय?

२००७ मध्ये कोलोरॅडो बार असोसिएशनच्या नीतिसमितीने हा करार वकिली नीतीत बसत नाही, असे मत दिले. समोरच्या पक्षाला वचन देऊन बसलेला वकील स्वतःच्या अशिलाशी एकनिष्ठ कसा राहील, हा मुद्दा होता. त्याच वर्षी अमेरिकन बार असोसिएशनने उलट मत दिले : अशिलाला सगळे समजावून त्याची संमती घेतली असेल, तर हरकत नाही.

तरी आक्षेप पोकळ नव्हता. जिच्याकडे दुसरा वकील करण्याइतके पैसेच नाहीत, ती बायको केवळ त्या भीतीने कमी रकमेवर सही करू शकते. जिथे मारहाण झाली आहे, तिथे तर 'समोरासमोर बसून बोला' हा सल्लाच धोकादायक. म्हणूनच २००९ च्या अमेरिकेतील नमुना कायद्याने वकिलावर जबाबदारी टाकली, की नात्यात हिंसा वा दहशत आहे का, हे त्याने आधी तपासावे. वीसहून अधिक राज्यांनी हा नमुना स्वीकारला आहे. कॅलिफोर्नियाने मात्र २००७ पासूनच आपल्या कौटुंबिक संहितेत या पद्धतीला वेगळी जागा दिली.

आपल्याकडे काय स्थिती?

भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. हिंदू विवाह कायद्यात परस्पर संमतीचा घटस्फोट १९७६ मध्ये आला. त्यातील सहा महिन्यांची थांबण्याची मुदत योग्य प्रकरणात माफ करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केले. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने समेटाचा प्रयत्न न्यायालयावर बंधनकारक केला; शिवाय त्या न्यायालयात वकील देणे हा पक्षकाराचा हक्क मानलेला नाही. म्हणजे आपल्या कायद्याने भांडण कमी करण्यासाठी वकिलालाच दाराबाहेर ठेवण्याचा मार्ग निवडला. टेस्लर यांनी त्याला आत बसवले, पण कोर्टाची वाट त्याच्यापुरती बंद करून.